मिरच्यांतलं अंडं

मरोळ गावठाणात चैत्र ठसका लागून येतो.
आधी रेमी आत्या शिंकते,
मग तिच्यामागोमाग अख्खी आळी.
गच्चीवर जुन्या साड्या अंथरून
बाटली-मसाल्याच्या मिरच्या पसरलेल्या,
आणि वरून विमानं इतकी खाली उतरतात
की चाकं मोजून घ्यावीत.

झावळ्यांच्या रविवारी मिळालेली पात
बेनीनं दुमडून तिचा क्रूस केला,
मीटरच्या पेटीवर खोचला.
बुधवारी पंखे पुसले, माळा उतरवला,
गल्लीच्या तोंडाशी असलेल्या क्रूसाला चुना दिला.
उरलेला चुना रुबेननं स्कूटरच्या सीटवर सांडला.
त्यावरून बाप-लेकाचं जे जुंपलं
ते गुरुवारी देवळात पाय धुवायची वेळ आली
तरी मिटलं नव्हतं.

शुक्रवारी काही नाही.
पेज, लोणचं, टीव्हीवर चादर.
मिरच्यांनाही हात लावायचा नाही,
आत्याचा नियम.
म्हणून कुणाला कळलं नाही
एलिटा दुपारी एकटी गच्चीवर गेल्याचं,
फ्रिजमधलं एक अंडं फ्रॉकमध्ये धरून.

सहा वर्षांची. तिचा हिशोब सरळ होता:
शुक्रवारी ठेवायचं, लाल गरम ढिगात,
शनिवारी बघायचं नाही,
रविवारी पिल्लू.

शनिवारी आम्ही मार्झिपॅनला बसलो.
बदाम परवडत नाहीत, काजूही यंदा तुकडाच.
मी चाळीस दिवस साखर सोडलेली,
म्हणून गोळा मळायचं काम माझ्याकडे;
चाखणार नाही याची सगळ्यांना खात्री.
(चाखला. एकदाच.)
रबराच्या साच्यांत मासा, अंडं, ससा.
सशाचा एक कान माझ्या लग्नाआधीच फाटलेला,
त्यामुळे आमच्याकडचे ससे
सगळे एककानी.

रात्री देऊळ काळोखात.
एका मेणबत्तीवरून दुसरी, दुसरीवरून दहावी,
घंटा वाजल्या तेव्हा एलिटा झोपलेली होती
बेनीच्या खांद्यावर,
आणि मेण त्याच्या नव्या शर्टावर.

सकाळी कढईत फुगे टम्म होत होते,
सोरपोतेल दोन दिवसांचं मुरलेलं,
तेवढ्यात जिन्यावरून ती धडाधड खाली आली.
"तिथं नाहीये!"
आत्यानं झारा थांबवला. "कोण नाहीये?"
"ते! साडी आहे, मिरच्या आहेत,
खड्डा पण तसाच आहे. ते नाहीये!"
आणि त्याच हातानं डोळे चोळले.

मग जो आकांत!
रुबेन म्हणाला, कावळा.
बेनीनं त्याला नजरेनंच गप्प केलं.
मी तिला मांडीवर आडवं घेऊन
थंड दुधानं डोळे धुतले,
आणि आत्या झारा हातात तशीच धरून
तिच्या तोंडाकडे बघत राहिली,
एक फुगा करपेपर्यंत.

दुपारी एक डोळा लाल, तोंडात सशाचा कान,
ती ताटल्या वाटत फिरली.
बागवे काकूंना दारातच सांगितलं,
"आमचं पिल्लू झालं आणि गेलं."
काकूंनी कुठे गेलं ते विचारलं नाही.
ताटली रिकामी देऊ नये म्हणून
त्यांनी चार कैऱ्या घातल्या.

मे महिन्यात मसाला कुटायला बायका आल्या.
देठं खुडताना माझ्या हाताला लागला
कवचाचा तुकडा, नखाएवढा,
मिरचीनं गुलाबी झालेला.
आतून फुटलं होतं की बाहेरून,
एवढ्याशावरून कळत नाही.

मीटरच्या पेटीवर ठेवलाय, झावळीच्या क्रूसामागे.
आत्या म्हणते, तिथं पाल फिरते, पाडेल.
पाडू दे.